काटा कुठे चढतो?

मुंबईहून पालघर जिल्ह्यात मोखाडा तालुक्यातल्या खोडाळ्याला निघालेल्या गाडीची एका सकाळीत तीन वेगवेगळ्या प्रकारे परीक्षा होते. आधी ठाणे सोडल्यावर भिवंडी बायपासची कोंडी, जिथे गाडी पुढे सरकत नाही पण इंजिन चालूच असते. मग शहापूर-आसनगावच्या पुढचा मोकळा महामार्ग, जिथे तासन्‌तास नसला तरी बराच वेळ एकसारखा वेग मिळतो. आणि कसारा घाटाच्या अलीकडे डावीकडे विहीगावचा फाटा घेतला की वळणावळणाचा, चढउतारांचा रस्ता, जिथे दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये इंजिन ओढत राहते आणि समोरून वारा मात्र फारसा लागत नाही. एखादी पन्नास-साठ वर्षांची एमजी बी किंवा ट्रायम्फ स्पिटफायर ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार, किंवा नव्वदीच्या अखेरीस गोव्याच्या सॅन मोटर्सने काढलेली फायबरची दोन आसनी सॅन स्टॉर्म, या वाटेवर तापली की गॅरेजमध्ये बहुतेक वेळा थेट इलाजाला सुरुवात होते: थर्मोस्टॅट काढून टाका, रेडिएटर मोठा बसवा, जास्तीचा फॅन लावा. माझे म्हणणे असे की इलाजाआधी एकच प्रश्न नेटाने विचारला पाहिजे. तापमानाचा काटा नेमका कुठे चढला? कोंडीत, महामार्गावर की विहीगावच्या पुढच्या चढावर? या एका उत्तरात निम्मे निदान असते, आणि ते न विचारता बदललेले सुटे भाग बहुधा वाया जातात.

हा प्रश्न इतका महत्त्वाचा का, हे उष्णतेचा हिशेब मांडला की कळते. जुन्या पेट्रोल इंजिनात इंधनातल्या उष्णतेचा जेमतेम पाव हिस्सा चाकांपर्यंत पोचतो. उरलेल्यापैकी मोठा वाटा सायलेन्सरमधून बाहेर जातो आणि जवळजवळ तेवढाच पाण्यातून रेडिएटरकडे येतो. आता हजार किलोची गाडी घेऊ. सपाट रस्त्यावर ताशी 80 किलोमीटर वेग राखायला तिला चाकांवर साधारण साडेआठ किलोवॉट लागतात. त्यातला मोठा वाटा हवेचा अडथळा कापण्यात जातो. तीच गाडी 8 टक्के चढावर ताशी 30 ने चढवली, तर हवेचा अडथळा जवळपास नाहीसा होतो, पण गाडीचे वजन वर उचलायला साडेसहा किलोवॉट लागतात आणि टायरच्या घर्षणासकट बेरीज पुन्हा आठाच्या घरात जाते. म्हणजे दोन्हीकडे इंजिनाचे काम सारखे, पाण्यात उतरणारी उष्णताही सारखी, दहा-बारा किलोवॉट, घरातले दोन किलोवॉटचे पाच-सहा गीझर एकदम चालू असावेत इतकी. फरक आहे तो वाऱ्याचा. महामार्गावर रेडिएटरवर 80 चा वारा आदळतो, घाटात फक्त 30 चा. कोंडीत उष्णता बरीच कमी निर्माण होते, पण वारा शून्य असतो आणि सगळी भिस्त फॅनवर असते. तिन्ही ठिकाणी यंत्रणेचा वेगळा भाग कसाला लागतो, म्हणून कुठे तापली हे सांगितले की कोणता भाग कमी पडला ते सांगितल्यासारखेच आहे.

त्याआधी एक खात्री करून घ्यावी लागते, गाडी खरोखर तापली आहे का याची. साठ-सत्तरच्या दशकातल्या अनेक ब्रिटिश गाड्यांत पेट्रोलचा काटा आणि तापमानाचा काटा या दोघांना डॅशबोर्डमागच्या एकाच छोट्या डबीतून, व्होल्टेज स्टॅबिलायझरमधून, सरासरी 10 व्होल्टचा पुरवठा होतो. त्या डबीचा अर्थिंगचा स्क्रू गंजला की दोन्ही काट्यांना बॅटरीचा पूर्ण दाब मिळतो आणि दोन्ही वर सरकतात. टाकी अर्धी असताना पेट्रोलचा काटा पाऊण दाखवतो आणि त्याच दिवशी तापमानाचा काटाही लालच्या जवळ जातो, अशी जोडी दिसली तर रेडिएटरला हात लावू नये. तो स्क्रू घासून घट्ट करावा. थर्मोस्टॅटच्या घराजवळ इन्फ्रारेड थर्मामीटर धरला की काट्याचे खरेखोटे लगेच समजते. दुसरा गोंधळ पेट्रोलचा असतो. चढ संपवून गाडी चहासाठी थांबवली, दहा मिनिटांनी स्टार्टर मारला आणि ती उचलेना, तर लोक म्हणतात इंजिन तापले. पुष्कळदा तापलेले असते ते पेट्रोल. या गाड्यांत कार्बोरेटर तप्त एक्झॉस्टच्या अगदी लगत बसलेला असतो, बॉनेट बुटके आणि बंदिस्त असते, गाडी थांबली की आतली गरमी वर साचते आणि पेट्रोलची वाफ होते. घाटात पेट्रोल खेचणाऱ्या एसी पंपावर ओले फडके टाकणारे जुने फियाट आणि अँबॅसिडर चालक नेमका याच दुखण्यावर इलाज करत होते. इंजिनाचे पाणी आणि पेट्रोलची वाफ ही दोन वेगळी दुखणी आहेत. एकाचे औषध दुसऱ्याला लागू पडत नाही.

काटा खरा ठरला, आता कोंडीकडे वळू. गाडी फक्त उभी असताना तापते आणि चालायला लागली की पाच मिनिटांत शांत होते, तर रेडिएटर आणि पंप बहुधा ठीक आहेत. हवा ओढली जात नाही. फॅनबेल्ट ढिला आहे का, हे सर्वांत लांब टप्प्यावर अंगठा दाबून पाहावे. बोटाच्या रुंदीपेक्षा जास्त आत गेला तर तो घसरतो आहे. फॅन उलटा बसवला गेला आहे का, विजेवरचा फॅन असेल तर त्याच्या दोन तारा अदलाबदल होऊन तो उलट्या बाजूला फिरतो आहे का, हेही पाहावे. रेडिएटरसमोर कागदाचा कपटा धरला तर तो जाळीला चिकटला पाहिजे. इथे स्पोर्ट्स कारचे एक खास दुखणे आहे आणि ते फार दुर्लक्षित आहे. बुटक्या नाकाच्या या गाड्यांत रेडिएटरच्या भोवतीच्या फटी बुजवायला कारखान्यातून रबराच्या आणि फोमच्या पट्ट्या येत. गाडी रंगवताना त्या निघतात आणि परत कोणी लावत नाही. मग फॅनने मागे ओढलेली गरम हवा त्याच फटींतून पुन्हा पुढे येते आणि रेडिएटर तीच हवा परत परत चघळत राहतो. बारीकसारीक किमतीचा फोम लावून जो प्रश्न सुटतो, त्यासाठी लोक ॲल्युमिनियमचा नवा रेडिएटर आणतात, याचे मला खरोखर वाईट वाटते.

कोंडीत ठीक आणि महामार्गावर वीस मिनिटांनी काटा सावकाश वर, हे चित्र उलटे आहे. इथे वारा भरपूर आहे, तेव्हा अडचण पाण्याच्या वाहण्यात शोधावी. रेडिएटरच्या नळ्या क्षाराने बुजल्या असतील, वॉटर पंपाची पाती गंजून झिजली असतील, किंवा खालचा होज पाइप आत ओढला जात असेल. हा शेवटचा दोष पाहण्यासारखा असतो. पंप खालच्या होजमधून पाणी खेचतो. रबर जुने होऊन मऊ पडले आणि आतली स्प्रिंग गंजून गेली असेल तर इंजिनाचा वेग वाढवताच तो पाइप दोन बाजूंनी चपटा होतो आणि वेग सोडला की पुन्हा फुगतो. उभ्या गाडीत, बॉनेट उघडून, एकाने ॲक्सिलरेटर दाबला आणि दुसऱ्याने टॉर्च मारला तर हे डोळ्यांना दिसते, पण इंजिन मंद चालत असताना कधीच दिसत नाही. नळ्या बुजल्या आहेत का, हे गाडी गरम असताना थर्मामीटर रेडिएटरच्या पृष्ठभागावर ओळीने फिरवून कळते: वाहणारा भाग गरम लागतो आणि बुजलेला पट्टा थंड. असा थंड पट्टा सापडला तर मात्र रेडिएटरवाल्याकडे जावे, टाकी उघडून नळ्यांत सळई घालून घ्यावी. त्याचबरोबर ब्लॉकच्या बाजूचा ड्रेन कॉक उघडावा. जुन्या बिडाच्या ब्लॉकमध्ये तो उघडल्यावर अनेकदा थेंबही येत नाही. तार आत घालून टोचले की आधी विटकरी रंगाचा घट्ट गाळ निघतो, मग पाणी. हा गाळ मागच्या सिलिंडरच्या तळाशी बसतो, पंपापासून सर्वांत दूर. रेडिएटर नवा आणि ब्लॉक असा भरलेला, तर काही दिवसांत हाच गाळ सुटून नव्या नळ्यांत जाऊन बसतो.

आता खोडाळ्याचा चढ. कोंडीत आणि महामार्गावर व्यवस्थित वागणारी गाडी फक्त चढावर तापत असेल, तर दोन शक्यता उरतात. एक, थंड करण्याची ताकद काठावर आहे आणि चढ तो काठ दाखवून देतो. दुसरी, इंजिन गरजेपेक्षा जास्त उष्णता पाण्यात टाकते आहे, आणि तिच्याकडे कोणी बघत नाही, कारण तिचा पाण्याशी काही संबंध दिसत नाही. ठिणगी उशिरा पडली तर पेट्रोल जळत असतानाच एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतो. जी उष्णता पिस्टन ढकलण्यात खर्ची पडायची, ती हेडमधल्या एक्झॉस्टच्या वाटेच्या भिंतींना आणि तिथून पाण्याला मिळते. गाडीची ओढ कमी होते, चालक आणखी ॲक्सिलरेटर दाबतो, आणखी पेट्रोल जळते. डिस्ट्रिब्युटरच्या आतली वेगाबरोबर उघडणारी वजने गंजून अडकली तर वेग वाढला तरी ठिणगी मागेच राहते आणि त्याचा त्रास चढावर होतो. डिस्ट्रिब्युटरला जोडलेला, ठिणगी लवकर पाडणारा व्हॅक्यूमचा पडदा फाटला तर तो त्रास मुख्यतः महामार्गावरच्या संथ दाबाखाली जाणवतो, कारण चढावर थ्रॉटल पूर्ण उघडा असताना व्हॅक्यूम तसाही नसतो. टायमिंग लाइटने मंद चाल आणि तीन हजार फेऱ्या या दोन्ही ठिकाणी तपासणी करायला अर्धा तास पुरतो. या यादीत अलीकडे आणखी एक कारण आले आहे. 2025 पर्यंत देशातल्या पेट्रोलमध्ये इथेनॉलचे प्रमाण 20 टक्क्यांवर गेले. शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला वजनाच्या साधारण 14.7 पट हवा लागते. या मिश्रणाला साडेतेराच्या आसपास. कार्बोरेटरला हे कळत नाही. तो जुन्या मापाने इंधन सोडतो, मिश्रण सात-आठ टक्के पातळ पडते आणि जी गाडी आधीच पातळ लावलेली होती ती चढावर तापू लागते, कधी कधी टकटक आवाज करत. साठच्या दशकात ठरवलेली जेटची आणि सुईची मापे आजच्या पेट्रोलला तशीच लागू करणे मला चुकीचे वाटते. वापरलेल्या प्लगचा रंग पाहून मिश्रण थोडे घट्ट करावे.

या तिन्हींत न बसणारे एक चित्र वेगळे ओळखावे लागते. सकाळी थंड गाडी सुरू केली आणि मिनिटभरात वरचा होज दगडासारखा कडक झाला, किंवा इंजिन थंड असताना रेडिएटरची कॅप काढून गाडी सुरू केल्यावर पाण्यातून बुडबुडे सुटतच राहिले, तर हा दाब पाणी तापल्याचा नाही. सिलिंडरमधला जळका वायू पाण्यात घुसतो आहे. हेड गॅस्केट गेले आहे किंवा हेडला चीर आहे. रेडिएटरच्या तोंडावर धरायचे निळे रसायन मिळते, ते या वायूने पिवळे पडते आणि शंका मिटते. या गाडीला कोणताही रेडिएटर पुरणार नाही.

आता थर्मोस्टॅटबद्दल, कारण सगळ्यांत पक्का गैरसमज तिथे आहे. म्हणणे असे की थर्मोस्टॅट हा थंड देशांचा भाग, आपल्या हवेत तो काढला तर पाणी मोकळे वाहील आणि गाडी थंड राहील. यात अर्धे खरे आहे. अडकलेला थर्मोस्टॅट गाडी नक्की तापवतो, आणि तो भांड्यात पाण्याबरोबर उकळत ठेवून, थर्मामीटर लावून, 82 चा असेल तर 82 च्या आसपास उघडायला लागतो का, हे जरूर पाहावे. पण काढून टाकणे वेगळे. काही जुन्या इंजिनांत थर्मोस्टॅटच्या अंगाला एक बाही असते. तो उघडला की ही बाही रेडिएटरला टाळून जाणारी आडवाट बंद करते. थर्मोस्टॅटच नसला तर ती आडवाट कायम उघडी राहते आणि गरम पाण्याचा एक हिस्सा रेडिएटरला न भेटता पुन्हा ब्लॉकमध्ये फिरतो. शिवाय थर्मोस्टॅटच्या अरुंद तोंडामुळे पंप ब्लॉकमधले पाणी थोडे दाबून ठेवतो, आणि त्या दाबामुळे एक्झॉस्टच्या भिंतीजवळ पाण्याचे बुडबुडे धरत नाहीत. थर्मोस्टॅट ठेवण्याच्या बाजूने एक चुकीचे कारणही ऐकू येते, की थर्मोस्टॅट नसेल तर पाणी इतके जोरात धावते की त्याला थंड व्हायला वेळच मिळत नाही. ते खरे नाही. पाणी जितके जास्त फिरेल तितकी उष्णता जास्तच बाहेर जाते. योग्य निष्कर्षालाही कारण योग्य असावे लागते, नाहीतर पुढची चूक तिथूनच निघते.

या गैरसमजापेक्षा एक आक्षेप अधिक वजनदार आहे: गाडी विलायतची, तिथल्या हवेसाठी बनलेली, पालघर जिल्ह्याच्या उन्हाळ्यात ती तापणारच. रेडिएटर पाणी आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकावर चालतो. पाणी 90 आणि हवा 20 अंश असेल तर फरक 70 चा. हवा 38 अंश असेल तर 52 चा. म्हणजे तोच रेडिएटर इथे चौथा हिस्सा कमी काम करतो. हे मान्यच केले पाहिजे. पण याच गाड्या हजारोंनी कॅलिफोर्निया आणि ऑस्ट्रेलियात विकल्या गेल्या आणि तिथल्या उन्हात चालल्या. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात बनलेल्या 1089 सीसीच्या पद्मिनीने मुंबईची टॅक्सी म्हणून मे महिन्यात दिवसभर मीटर फिरवले. म्हणजे मूळ आखणीत पुरेशी शिल्लक होती. पन्नास वर्षांत गंज, क्षार, फाटलेले पडदे आणि हरवलेल्या पट्ट्या यांनी ती खाल्ली. थंड हवेत या खाल्लेल्या शिलकीचा पत्ता लागत नाही, आपल्याकडे लागतो इतकेच. मोठ्या रेडिएटरलाही माझा सरसकट विरोध नाही. इंजिनाची ताकद वाढवली असेल तर तो हवाच. पण विजेवरचा जास्तीचा फॅन लावण्याआधी हिशेब करावा. साठच्या दशकातल्या गाडीच्या डायनमोची क्षमता 22 अँपिअरच्या आसपास. त्यावर दहा अँपिअरचा फॅन, दिवे आणि वायपर एकदम लावले तर खोडाळ्याच्या धुक्यात, पावसाळी संध्याकाळी, गाडी थंड राहील आणि बॅटरी उतरेल.

पाण्यात काय असावे, यावर थोडे. बोअरचे पाणी वर्षानुवर्षे ओतत राहिले की आत चुन्याचा थर बसतो, आणि या थरातून उष्णता बिडाच्या तुलनेत किमान वीसपट कमी वाहते. कूलंट महाग आणि आपल्याकडे बर्फ कुठे पडतो, हा युक्तिवाद गोठण्यापुरता बरोबर आहे, गंजाच्या बाबतीत मुळीच नाही. निम्मे कूलंट घालायचीही गरज नाही, कारण ग्लायकोल पाण्याइतकी उष्णता वाहून नेत नाही. एक भाग कूलंट आणि दोन भाग डिस्टिल्ड वॉटर इथल्या हवेला उत्तम. रेडिएटरच्या कॅपकडेही लक्ष हवे. जव्हार-मोखाड्याच्या पठाराची उंची चार-पाचशे मीटर, तिथे उघडे पाणी साडेअठ्ठ्याण्णव अंशांच्या आसपास उकळते. 7 पौंड दाबाची कॅप नीट धरत असेल तर हाच बिंदू 110 पर्यंत जातो, 13 पौंडांची असेल तर 118 पर्यंत. कॅपच्या आतले रबर चिरलेले असेल तर हा सगळा फायदा शून्य, आणि गाडी निरोगी असूनही चढावर पाणी फेकते. जुन्या रेडिएटरला मात्र मूळ मापापेक्षा जास्त दाबाची कॅप लावू नये. सोल्डरचे सांधे आधी सुटतात.

चढावर काटा वर जायला लागलाच तर गिअर एक खाली घ्यावा. फेऱ्या वाढल्या की पंप आणि फॅन दोन्ही जोरात फिरतात आणि इंजिन रेटले जात नाही. हीटर असेल तर पूर्ण सोडावा. उकडेल, पण तो एक छोटा रेडिएटरच आहे. पाणी अजून उकळत नसेल तर थांबल्यावर इंजिन लगेच बंद न करता मिनिट-दोन मिनिटे मंद चालू ठेवावे. वाफ सुटली असेल तर बंद करून किमान अर्धा-पाऊण तास कॅपला हात लावू नये, आणि तापलेल्या ब्लॉकमध्ये गार पाणी ओतू नये, बीड तडकते. तोरंगण घाटाने त्र्यंबककडे जायचे असेल तर हे सगळे आधी वाचून ठेवावे, रस्त्यात आठवत बसू नये.

आणि एक विनंती. वैतरणेच्या धरणांतून मुंबईला पाणी जाते. मध्य वैतरणेचे धरण तर मोखाडा तालुक्यातच, कोचाळे गावाजवळ आहे. तरीही एप्रिल-मेमध्ये याच तालुक्यातले कित्येक पाडे टँकरची वाट पाहतात आणि बाया उन्हातून हंडे वाहतात. कोणी मागितले तर हे लोक गाडीसाठीही पाणी देतात. म्हणून जुनी गाडी घेऊन खोडाळ्याला येणाऱ्या प्रत्येकाने कूलंटमिश्रित पाण्याचा पाच लिटरचा कॅन डिकीत ठेवूनच घर सोडावे, आणि तो लागणार नाही इतकी गाडी आधी नीट करून घ्यावी.